दुपारची गोळी

"क्लच! अगं, क्लच दाब! मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी दचकतेस काय!"

मामा ओरडेपर्यंत बसनं एक आचका दिला आणि ती मैदानाच्या मधोमध बंद पडली. डेपोच्या भिंतीला टेकून चहा पीत उभ्या असलेल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या.

"डबलबेल, ढकलू का गं?"

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "या ना ढकलायला! नाहीतरी दिवसभर दुसरं काय करता?"

हशा पिकला. तिनं पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, घरघरलं आणि लागलं. या वेळी तिनं पाय अगदी अलगद उचलला. एवढं मोठं धूड, पण ते तिच्या तळपायाचं ऐकून सावकाश पुढं सरकलं. तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"मामा! चालली! बघा, चालली!"

"चालली खरी, पण पुढं भिंत आहे."

डबलबेल हे काही तिचं नाव नव्हे. कंडक्टर म्हणून कामाला लागली तेव्हापासून शेवटच्या उतारूचा दुसरा पाय पायरीवर टेकला न टेकला की ती दोनदा घंटी ओढायची आणि गाडी सुटायची. तिच्या गाडीला उशीर म्हणून कधी झाला नाही. नाव तेव्हाच पडलं आणि चिकटलं. आता घरची माणसं सोडली तर तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. घरीसुद्धा नवरा लाडात आला की डबलबेलच म्हणायचा.

त्या वर्षी वरच्या ऑफिसातून फर्मान आलं, कंडक्टर बायकांपैकी कुणाला ड्रायव्हर व्हायचं असेल तर परीक्षा द्यावी. वयाची अट होती. पुढच्या वर्षी ती त्या अटीत बसणार नव्हती. डेपोतल्या बाकीच्या दोघी-तिघींनी आधी हो म्हटलं, मग घरून नाही आलं, मग त्यांचंही नाही झालं. हिनं मात्र कुणाला विचारलंच नाही, घरी जाऊन सांगून टाकलं. नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. बोटांना लागलेला डिंक खरवडत तो म्हणाला, "चालव की. मी पहिल्या सीटवर बसेन. देवाचं नाव घेत." सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मागं बसून काय मिळालं? बस पुढं."

तिला हवं होतं तेही तेच. वर्षानुवर्षं मागच्या दाराशी उभं राहून तिनं रस्ता पाहिला होता तो मागं पळणारा, झाडं लहान होत जाणारी. तिला तो समोरून अंगावर येताना बघायचा होता.

मामा तिच्याच गाडीवरचा ड्रायव्हर. मिशा भरघोस, निवृत्तीला थोडेच महिने उरलेले. दिवसभर दोघांची एक फेरी जायची, एक यायची, आणि संध्याकाळी मैदानावर तो तिला शिकवायचा. शिकवायचा म्हणजे ओरडायचा. ती रोज ओरडा खाऊन घरी जायची आणि जेवताना पाटावर बसल्या बसल्या पाय हलवत क्लच-ब्रेक क्लच-ब्रेक करायची.

सगळं असं मजेत चाललेलं असताना एकच गोष्ट ती कुणाला सांगत नव्हती. लघवीला जळजळ व्हायची. थोडी थोडी, सारखी. वर्षभर अधूनमधून येऊन जात होती, पण या खेपेला जाईना. शेवटी ती डेपोच्या डॉक्टरांकडे गेली. तिथं पडदा होता, पण पडद्याच्या अलीकडेच ड्रायव्हर-क्लीनरची रांग. तिनं जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं. डॉक्टर भला माणूस होता, पण त्याच्यापुढंही गर्दी होती. त्यानं लिहून दिलं: कॅप्सूल दिवसातून चार वेळा, दर सहा तासांनी, खाल्ल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. तिनं मान हलवली आणि निघाली.

चार वेळा. पहिली ठीक होती, पहाटे घरातून निघताना चहाबरोबर. दुसरीची वेळ व्हायची तेव्हा गाडी दोन गावांच्या मधे असायची. पलीकडच्या स्टँडवर बायकांची मोरी होती, पण तिला कडी नव्हती आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून ती ड्युटीवर पाणीच प्यायची नाही. सकाळचा चहा झाला की थेट परत डेपोत आल्यावर. सगळ्याच बायका तसं करायच्या, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पाण्याशिवाय कॅप्सूल घशात चिकटायची, म्हणून दुपारची राहायची. संध्याकाळची मैदानावर राहायची. मग रात्री जेवण झालं की ती राहिलेल्या सगळ्या एकदम तोंडात टाकायची आणि वर तांब्याभर पाणी.

"दिवसाच्या चार पोटात गेल्या ना? मग झालं तर," ती स्वतःशी म्हणायची. तिकिटांचा हिशेब रोज असाच जुळवायची ती. दिवसभर काही का होईना, रात्री बेरीज बरोबर यायला हवी.

पोट मात्र ढवळायचं. जळजळ दोन दिवस कमी झाली, मग दुप्पट झाली.

परीक्षेला आठवडाही उरला नव्हता. त्या दिवशी गाडी भरलेली होती. अर्ध्या वाटेवर नेहमीच्या झाडांपाशी मामानं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरला. त्याच्यामागून पुरुष उतारू उतरले, झाडांच्या दिशेनं पांगले. बायका खिडकीतून दुसरीकडे बघत बसून राहिल्या. तीही बसून राहिली. ऊन रणरणत होतं आणि तिला थंडी वाजत होती.

गाडी पुन्हा निघाली. तिनं एका म्हातारीला तिकीट दिलं.

"बाई," म्हातारी म्हणाली, "हे लहान मुलाचं दिलंत की हो. मी काय शाळेत जाते?"

ती हसायला गेली आणि डोक्यावरचा दांडा हातातून सुटला. कंबरेतून अशी कळ निघाली की ती मधल्या वाटेतच खाली बसली. दात वाजत होते. म्हातारीनं कपाळाला हात लावला आणि ओरडली, "अहो ड्रायव्हर! हिचं अंग तव्यासारखं तापलंय!"

मामानं आरशात पाहिलं. पुढं स्टँडकडे वळायचा फाटा होता. त्यानं तो सोडला.

"दवाखान्यात घेतोय!" तो मागं न बघता ओरडला. "कुणाला घाई असेल तर आत्ता सांगा!"

एकाही उतारूनं हूं की चूं केलं नाही. उलट कुणी म्हणालं, "हॉर्न वाजवा, हॉर्न!" आणि मामानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. भाजीवाले, सायकलवाले, रिक्षावाले भिंतीला चिकटले. म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्या पडल्या तिला एवढंच दिसत होतं की वळणावर मामा क्लच कसा दाबतोय. तशा तापातही तिच्या मनात आलं, असा दाबायचा होय!

सरकारी दवाखान्याच्या फाटकात भरलेली बस शिरली तेव्हा वॉचमनला वाटलं, मोठा अपघात झाला. निम्मी बस तिच्यामागून आत गेली.

*

शुद्धीत ती होतीच, पण नीट बघायला लागली तेव्हा दंडात सुई होती, उशाशी नवरा होता आणि पायथ्याशी सासूबाई. डॉक्टरीणबाई तरुण होती, केस कसेबसे बांधलेले. तिनं स्टूल ओढलं आणि बसली. बसून बोलणारा डॉक्टर डबलबेलनं पहिल्यांदाच पाहिला.

"आधी कुठलं औषध घेत होता?"

नवऱ्यानं पाकीट पुढं केलं.

"कसं घेत होता?"

"लिहिलंय तसंच," ती म्हणाली.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" सासूबाई उसळल्या. "सांगते मी. दिवसभर काही नाही आणि रात्री मूठभर! चॉकलेटं खाल्ल्यासारखी."

डॉक्टर रागावेल म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. पण डॉक्टरनं विचारलं ते भलतंच.

"दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे असता?"

"मी? गाडीत."

"आणि संध्याकाळी?"

"मैदानावर. ड्रायव्हिंग शिकते मी. बस." तापातही तिला ते सांगावंसं वाटलं. "मोठी बस."

"खरंच?" डॉक्टर हसली. "मग दुपारची गोळी घेणार कोण? आणि चार वेळा का घ्यायची, हे कुणी सांगितलं होतं?"

"नाही. मला वाटलं, दिवसाची बेरीज झाल्याशी कारण."

"तसं नसतं. या औषधाचा जोर काही तासांत ओसरतो. जोर आहे तोवर जंतू दबून असतात. तो ओसरायच्या आत पुढची गोळी पोटात जायला हवी. तुम्ही रात्री तीन एकदम घेतल्यात तर जोर तिप्पट वेळ टिकत नाही. पोट तेवढं बिघडतं. आणि दिवसभर जंतूंना मोकळं रान."

"मग मला ते एकदाच घ्यायचं द्या ना. पाण्यात पुडी टाकून प्यायली की झालं म्हणे."

"असते तशी पुडी. साध्या त्रासाला देतो आम्ही. पण तुमचा त्रास आता वर चढलाय, म्हणून ताप आला, म्हणून कंबर धरली. तिथं ती पुडी पुरायची नाही." तिनं क्षणभर विचार केला. "दिवसातून दोनदा घ्यायचं औषध देते. सकाळी घरातून निघताना आणि रात्री घरी आल्यावर. मधे बारा तासांचं अंतर राहील असं बघा. एखादी राहिली तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ झालीच असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आजचं इंजेक्शन दिलंय. लघवी तपासायला पाठवलीय, कुठल्या औषधानं हे जंतू मरतात ते कळलं की फोन करते. गरज पडली तर बदलू."

सासूबाईंना हे काही पटेना. "अहो बाई, आधीच्या चार होत्या तरी गुण आला नाही. आता एवढा ताप नि दोनच?"

"आजी, काही माणसं दोनदा जेवून दिवस काढतात. काहींना सारखं थोडं थोडं लागतं. औषधांचंही तसंच आहे."

सासूबाईंनी मुलाकडे नजर टाकली. "कळलं. हा चार वेळावाला. ह्याचे वडील दोनदावाले होते."

डॉक्टर खळखळून हसली. मग उठता उठता म्हणाली, "आणि पाणी प्यायचं. भरपूर."

"ड्युटीवर असताना?"

"ड्युटीवर असताना."

"मग जायचं कुठं?"

डॉक्टर थांबली. तिनं गळ्यातली नळी काढून हातात गुंडाळली. "त्याला माझ्याकडे गोळी नाही," ती म्हणाली.

*

घरी सासूबाईंनी कारभार हातात घेतला. पहाटे सुनेच्या आधी उठून त्या पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन उभ्या. रात्री पुन्हा तेच. "गोळी?" एवढा एकच शब्द, पोलिसानं लायसन मागावं तसा. तिनं तोंड वाकडं केलं तर म्हणायच्या, "बस चालवणार म्हणते आणि एवढीशी गोळी गिळवत नाही!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आला. युनिफॉर्ममध्येच होता. खुर्चीच्या अगदी कडेला बसला, चहाचा कप दोन्ही हातांत धरून.

"मला सांगायचंस," तो म्हणाला.

"काय सांगू, मामा? गाडी थांबवा म्हणू? तुम्ही थांबवता तिथं बायकांनी कुठं जायचं?"

मामा कपात बघत राहिला. मग म्हणाला, "इतकी वर्षं गाडी चालवली. बायका कधी उतरल्याच नाहीत. मला वाटायचं, त्यांना लागतच नाही."

सासूबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या आत पळाल्या, पण स्वयंपाकघरातूनही त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मामा मात्र हसला नाही. चहा संपवून तो उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "परीक्षेला ये. नाही आलीस तर मी कुणावर ओरडू?"

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. कंबर मोकळी झाली. भूक लागली, इतकी की तिनं नवऱ्याच्या ताटातलंही खाल्लं. तोंड तेवढं त्या गोळीनं कडू व्हायचं.

"आता बरी झालीस," नवरा म्हणाला. "उरलेल्या ठेवून दे. पुढच्या वेळी कामाला येतील."

तिलाही ते पटलं. तिनं पाकीट कपाटात टाकलं आणि नेमका फोन वाजला. डॉक्टर होती.

"रिपोर्ट आला! तुमचे जंतू आधीच्या औषधाला फारशी दाद देत नव्हते. त्यात ते असं घेतलेलं. पण आताच्या गोळीनं मरतायत. कसं वाटतंय?"

"एकदम ठणठणीत. मी म्हणत होते, आता बंद केल्या तर..."

"अजिबात नाही! बरं वाटतंय याचा अर्थ औषध काम करतंय. काम संपलं असा नाही. दिलेल्या सगळ्या संपवायच्या. परीक्षा कधी?"

"परवा."

"ताप नाही? कंबर दुखत नाही? उलटी, चक्कर?"

"काही नाही."

"मग द्या. आणि मला कळवा काय झालं ते. इथं सगळ्या सिस्टर रोज विचारतायत, बसवाल्या बाईंचं काय झालं म्हणून."

फोन ठेवला तेव्हा सासूबाई कपाटापाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात पाकीट होतं. त्यांनी ते आपल्या कमरेला खोचलं.

*

परीक्षेच्या मैदानावर सकाळपासून गर्दी. तीन-चार पुरुष उमेदवार, ही एक. परीक्षकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलत नव्हती. कुंपणाबाहेर सगळा डेपो लोटला होता. ज्यांनी टाळ्या पिटल्या होत्या तेच आता नखं खात होते. मामा सगळ्यांपासून लांब, पाठ करून उभा होता. त्याला बघवत नव्हतं.

आधी चढ. अर्ध्या चढावर गाडी थांबवायची आणि पुन्हा निघताना ती बोटभरही मागं सरकता कामा नये. तिच्या आधीच्या उमेदवाराची गाडी हातभर मागं आली होती. तिनं हँडब्रेक ओढला. हाताला घाम सुटला होता, तो पदराला पुसला. क्लच उचलत आणला, उचलत आणला, आणि गाडीच्या अंगातून एक थरथर तिच्या तळपायात आली. हीच ती. मामानं वळणावर पकडली होती ती जागा! तिनं ब्रेक सोडला आणि गाडी अशी वर गेली, जणू चढ नव्हताच.

मग पिंपांच्या दोन ओळींमधून मागं घ्यायची होती. इथं तिला वाटलं होतं हात गळतील, आणि झालं उलटंच. गाडी मागं घेताना मागं उभं राहून पत्रा बडवत ड्रायव्हरला वाट दाखवायचं काम तिनं आयुष्यभर केलं होतं. मागच्या कोपऱ्याला किती जागा लागते ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिनं आरशात पाहिलं आणि ओठ आपोआप हलायला लागले. "येऊ दे... येऊ दे... डाव्या अंगाला... येऊ दे... सरळ कर, सरळ... येऊ दे..."

"काय पुटपुटताय?" परीक्षकानं विचारलं.

"माझी मीच कंडक्टर आहे, साहेब. बास!"

गाडी थांबली. कुठलंही पिंप हललं नव्हतं. परीक्षकानं खाली उतरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, कागदावर काहीतरी खरडलं.

"उतरा."

"झालं?"

"झालं."

"मग मी..."

"कळेल. घरी जा." तो वळला, चार पावलं गेला आणि थांबला. चष्म्याआड काही हललं असावं. "गाडी चालवताना एवढं मोठ्यानं पुटपुटू नका, बाई. उतारू घाबरतील."

उतारू! ते कळायला तिला क्षणभर लागलं. मग तिनं जी आरोळी ठोकली ती ऐकून मामा गर्रकन वळला, आणि कुंपणाबाहेरच्या झाडून सगळ्या कंडक्टरांनी खिशातल्या शिट्ट्या काढून वाजवायला सुरुवात केली. एवढा गोंगाट झाला की शेजारच्या शाळेची मुलं खिडक्यांना लोंबकळली. मामा तिच्याजवळ आला. आल्या आल्या ओरडला, "तिसरा गिअर उशिरा टाकलास!"

तिनं घरी फोन लावला. "सासूबाई, पास! पास झाले!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "वेळेवर ये. रात्रीची गोळी आहे."

*

त्यानंतर ट्रेनिंगमध्ये काही आठवडे गेले आणि एक दिवस खाकी शर्टावर ड्रायव्हरचा बिल्ला लावून ती गाडीत पुढच्या दारानं चढली. रस्ता नेहमीचाच. पहिल्या फेरीला शेजारी जुना ड्रायव्हर असावा असा नियम होता. मामा आपणहून आला. मागं नवा कंडक्टर होता, वेळेच्या बाबतीत काटेकोर. पहिल्या सीटवर नवरा, कबूल केल्याप्रमाणे देवाचं नाव घेत.

रस्ता तिच्या अंगावर येत होता. झाडं मोठी होत होत येत आणि बाजूनं निघून जात. एका उतारावर तर ती मोठ्यानं हसलीच. सीटच्या बाजूला तिनं पाण्याची बाटली ठेवली होती आणि प्रत्येक थांब्यावर ती त्यातून प्यायली. मामानं ते पाहिलं.

अर्धी वाट आली. ती झाडं आली. ती थांबली नाही. थोडं पुढं पेट्रोल पंप होता, तिथं तिनं गाडी आत घेतली, कडेला लावली, हँडब्रेक ओढला.

"काय झालं? पंक्चर?" मागून कुणीतरी विचारलं.

ती सीटवरून उठली, उतारूंकडे तोंड केलं. आजवर गाडीत ती दिवसातून शेकडो वेळा ओरडली होती, पण हे कधी नाही.

"मला जायचंय," ती म्हणाली. "इथं बायकांसाठी सोय आहे, कडी आहे. ज्यांना जायचंय त्यांनी चला."

बायका एकमेकींकडे बघेनात, बाहेरही बघेनात. कुणी हललं नाही. ती खाली उतरली तेव्हा मामा आधीच पंपावरच्या माणसापाशी पोचला होता. तो चावी घेऊन आला, तिच्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवून बसच्या पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

ती परत आली तेव्हा बसच्या दाराबाहेर एक बाई उभी होती. तिच्यामागं दुसरी, आणि पायऱ्या उतरत होत्या त्या आणखी कितीतरी. कॉलेजच्या मुली, कापडाचं गाठोडं सांभाळणारी एक, कडेवर तान्हं मूल घेतलेली एक. पहिलीनं चावी घेतली आणि जवळजवळ धावतच गेली. गाठोडेवाली हातातल्या पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

"दुपारची गोळी राहिलीय माझी," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "चार वेळा घ्यायला सांगितल्यात. प्रवासात असले की पाण्यामुळं राहते."

"आत्ता घ्या," डबलबेल म्हणाली आणि आपली बाटली पुढं केली. "आणि पुढच्या वेळी डॉक्टरला सांगा, तुम्ही दुपारी कुठं असता ते. मला तसं विचारलं होतं एकीनं."

नवा कंडक्टर घड्याळाकडे बघत आला. "मॅडम, उशीर होतोय. वरून विचारतील."

"होतोय," ती म्हणाली. "विचारू देत."

रांग उन्हात उभी होती, आणि आता त्यात बोलणं सुरू झालं होतं. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळ्याजणी हसल्या. पुरुष उतारू खिडक्यांतून बघत होते, मग त्यांनीही बघणं सोडून दिलं. तान्ह्या मुलाच्या आईचा नंबर आला तशी ती गोंधळून इकडेतिकडे पाहायला लागली. मूल कुणाकडे द्यावं तिला कळेना. मामा पुढं झाला. त्यानं दोन्ही हात पसरले.

डबलबेल आपल्या सीटवर जाऊन बसली. समोरच्या काचेतून दिसत होतं, मामा ताठ उभा होता, परेडला उभा असल्यासारखा, आणि त्या मुलानं दोन्ही मुठींनी त्याच्या मिशा धरल्या होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यानं मिशा सोडवून घेतल्या नाहीत. आई येईपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि तोवर तिनं इंजिन सुरू केलं नाही.